लंकाबाईच्या अकरा कण्या

१

लंकाबाईच्या घरात चोरी झाली, पण चोरानं कुलूप तोडलं नाही, कारण कुलूपच नव्हतं. कडी काढून तो आत आला आणि जाताना सभ्य माणसासारखी कडी लावून गेला. ट्रंक जागेवर होती, डब्यातली बोरमाळ जागेवर होती. गेले होते फक्त अकरा मासे.

अकरा मासे म्हटल्यावर कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं असेल तर त्यानं ते गिळून टाकावं. ते अकराच्या अकरा एका पळीत मावले असते. एकेक मासा तांदळाच्या कणीएवढा, काचेसारखा आरपार, आतला काटासुद्धा दिसायचा, आणि डोळ्यामागं एक सोनेरी ठिपका. लंकाबाई त्यांना कण्या म्हणायची.

तीस वर्षं तिनं ऊस तोडला. दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला, आणि ऊन तापलं की परत उंबरटाक्याला. या वर्षी गुडघ्यांनी ऐकलं नाही म्हणून ती पहिल्यांदा गावातच राहिली, आणि फेब्रुवारीत माळावरच्या टाक्याचं पाणी ओंजळीनं पिताना तिच्या तळहातावरची एक कणी चालायला लागली. तिनं ओंजळ परत पाण्यात सोडली आणि तशीच तहानलेली तासभर काठावर बसून राहिली.

खर्ड्याजवळच्या या गावाला नावच त्या टाक्यावरून पडलेलं. काळ्या खडकात ते कुणी कोरलं हे कुणाला सांगता येत नाही, पण मे महिन्यात नळ रुसले की वरची वस्ती त्याच्यावर जगते. गावाला हे ठाऊक होतं, कागदाला ठाऊक नव्हतं. एप्रिलमध्ये एके रात्री कुणीतरी टँकर लावून टाकं उपसलं, आणि दुसऱ्याच दिवशी पाहणीला आलेल्यांनी कागदावर लिहिलं, 'टाके कोरडे.' आता ते गायरान खडी क्रशरला देण्याचा ठराव आज बारा वाजता ग्रामसभेत यायचा होता. ठरावामागं उपसरपंच सूर्यभान होता, आणि सूर्यभानाच्या पुढं बोलायची गावात कुणाची टाप नव्हती.

लंकाबाईची होती. तिची भाची पंकजा गावच्या शाळेत शिक्षिका. तिनं कण्यांचा फोटो नगरच्या कॉलेजातल्या रुपाली मॅडमना पाठवला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "फोटोवर भागायचं नाही. जिवंत मासा दाखवा. असा मासा पिढ्यान्‌पिढ्या टाक्यात राहत असेल, तर ते टाकं कोरडं म्हणणारा कागद खोटा." मॅडम आज ग्रामसभेलाच येणार होत्या. उपसलेल्या टाक्यात आता गुडघाभर पाणी परत चढलं होतं, पण कणी एकही नव्हती. उरल्या होत्या त्या लंकाबाईच्या काचेच्या पेटीत.

त्या पेटीसाठी तिनं काय कमी शिकून घेतलं होतं? टाकं उपसल्यावर तळच्या डबक्यातून वेचून आणल्या त्या चौदा कण्या. नळाचं पाणी घातलं तर तासाभरात तीन पांढऱ्या पडून वर आल्या, कारण नळाच्या पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर असते. तेव्हापासून पाणी दोन दिवस घमेल्यात उन्हाला ठेवायचं आणि मग पेटीत. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक नखावर घेऊन, तेवढाच खायला. लपायला नारळाच्या शेंडीचा पुंजका. पेटीवर सावली पडली की अकराच्या अकरा पुंजक्यात घुसायच्या. पाणी बदलताना लंकाबाई खाली वाटी धरून तो पुंजका अलगद उचलायची, की सगळं बिऱ्हाड वाटीत. हे बघायला गावात पाणी सोडणारा कानिफनाथ दर चौथ्या दिवशी वाल फिरवून झाला की उंबऱ्यावर टेकायचा. बाकी गाव हसायचं. मासे पाळणारी बाई, पुढच्या वर्षी मुंग्यांना दावं बांधील म्हणायचं.

आज सकाळी ती नेहमीसारखी टाक्यावर कणी दिसते का बघायला गेली. सातला परत आली, तर पेटी रिकामी. पंकजाला तिनं तिच्या घरून हाक मारून आणलं. पंकजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"रडू नकोस," लंकाबाई म्हणाली. "आधी बघ."

पेटीतल्या पाण्याला टीसीएलचा उग्र वास मारत होता. तळाशी पांढरा गाळ बसला होता. बाजारात मासे विकणाऱ्या कल्याणनं पेटीबरोबर दिलेली बारीक जाळी खिळ्याला कोरडीठाक लटकत होती, तिच्यावरचं कोळिष्टकसुद्धा मोडलं नव्हतं. आणि नारळाच्या शेंडीचा पुंजका गायब होता.

"पावडर टाकून मारले, आत्या. अजून काय बघायचंय?"

"मारले तर मढी कुठं हायेत? आन्‌ चोरले म्हणावं तर रिकाम्या पेटीत पावडर कशाला वतली?"

लंकाबाईनं पदर खोचला. बाराला अजून साडेचार तास होते.

२

खर्ड्याचा बाजार भरत होता. कल्याण जामखेडहून दर बाजारी यायचा आणि फुगलेल्या पिशव्यांतून लाल-केशरी मासे मांडून बसायचा. पेटी त्याच्याकडूनच घेतलेली. गेल्या आठवड्यात तो कण्या बघून गेला होता आणि जाताना म्हणाला होता, "अक्का, हे मला दे. पुण्या-मुंबईचे शौकीन असल्या बारक्या माशासाठी जीव टाकतात. सापडायला मुश्कील, म्हणूनच." लंकाबाईनं त्याला चहा पाजून हाकललं होतं.

आता ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि एक शब्द न बोलता प्रत्येक पिशवीत डोकावली. गिऱ्हाईकं बघायला लागली.

"काय हुडकतीस, अक्का?"

"माझ्या कण्या."

कल्याणचा चेहरा उतरला. "गेल्या?" मग त्यानं भराभर विचारलं, कधी, कशा, पाणी कसं होतं. पावडरीचं ऐकल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. "माझ्यावर संशय असंल तर घे झडती. पण मला सांग, आमच्या धंद्यातला मानूस पेटीत टीसीएल टाकंल व्हय? मी तर पाण्यातली पावडर मारायच्या औषधाची बाटली खिशात घेऊन हिंडतो. आन्‌ मी आलो असतो तर जाळीनंच धरले असते. आमचा हात जाळीवर."

"जाळी कोरडी हुती," लंकाबाई म्हणाली.

"बघ की मग."

त्यानं आपली पाण्याची बाटली पुढं केली. लंकाबाई एक घोट प्यायली. तीस वर्षांत वारणेपासून प्रवरेपर्यंत चाऱ्या-पाटांचं पाणी पिऊन तिची जीभ अशी तयार झाली होती की घोटाबरोबर ती गाव सांगायची. हे जारचं पाणी, बेचव.

"एक सांग," ती म्हणाली. "एवढ्या पावडरीत कण्या किती वेळ जगतील?"

"वेळ कसला? मिनटात पांढऱ्या पडतील. आन्‌ त्या पांढऱ्या गाळातनं असली अकरा मढी येचून काढायची म्हणलीस तर माझ्यासारख्याला दुपार हुईल. एखाददुसरं तरी राहणारच."

परतीच्या रिक्षात लंकाबाई बोटं दुमडत हिशेब लावत होती. मढं एकही नाही, म्हणजे पावडर पडली तेव्हा कण्या पेटीत नव्हत्याच. आधी कुणीतरी पुंजका उचलला, मग पावडर ओतली. जिवंत नेल्या, आणि मारल्याचा देखावा केला.

"पण देखावा कुणासाठी?" पंकजानं विचारलं. "आपल्यासाठी?"

"ते आता सूर्यभान आण्णाच्या वाड्यावर कळंल," लंकाबाई म्हणाली. "तू न्हाई बोलायचं. मी पण लई न्हाई बोलायची."

३

वाडा म्हणायचा एवढंच, होता तो सिमेंटचा दुमजली बंगला, पोर्चमध्ये पांढरी गाडी. सूर्यभान इस्त्रीचे कपडे घालून ग्रामसभेच्या तयारीत होता. लंकाबाईला बघून तो गोड हसला.

"या, लंकाअक्का. ए, पाणी आणा गं अक्कांना."

पाणी आलं. बोअरचं, मचूळ, जिभेवर खडू फिरवल्यासारखं. या घरात नळाचं पाणी पीत नाहीत हे लंकाबाईनं जिभेनंच नोंदवून ठेवलं.

"आण्णा, माझी पेटी रिकामी हाय," ती म्हणाली आणि गप्प बसली.

सूर्यभान च्च् च्च् करत मान हलवू लागला. "वाईट झालं. पण अक्का, नळाच्या पाण्याचं असंच असतं बघा. पावडर एखाद्या वेळी जास्त पडती. नाजूक जीव, मेले असतील. त्याला कोण काय करनार? आता त्या नगरच्या मॅडमला फोन करून सांगा, उन्हाचा हेलपाटा कशाला."

पंकजानं मान वर केली. लंकाबाईनं तिच्या पायावर पाय ठेवला.

"व्हय की," लंकाबाई म्हणाली. "मॅडम येऊ द्यात, जेवून जातील. आण्णा, ती पावडर पंचायतीच्या खोलीत असती न्हवं? किल्ली कुणाकडं?"

"एक माझ्याकडं, एक कानिफाकडं." सूर्यभानाचं हसू जरा आखडलं. "का?"

"सहज. भांडी घासायला चांगली म्हनत्यात."

तो उठून उभा राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, "अक्का, पुढच्या साली गुडघं बरं झालं की तुमाला कोयत्याला जायचंय. मुकादम माझ्या शब्दातला हाय. आज सभेत जरा जपून."

"तीस वरीस दुसऱ्याच्या फडात राबले, आण्णा," लंकाबाई पण उठली. "आता काय जपू? गुडघं तर आधीच गेलं."

फाटकाबाहेर आल्यावर पंकजा फुटलीच. "आत्या, तू नुसतं म्हणालीस पेटी रिकामी आहे! पावडरीचं नाव त्यांनी काढलं!"

"काढलं. आन्‌ अजून काय म्हनला ते ध्यानात घे. मेले असतील म्हनला. त्याला खरंच वाटतंय मासे मेले म्हणून." लंकाबाईच्या चालीत गुडघेदुखी दिसत नव्हती. "हुकूम ह्याचा. पर ज्याला हुकूम दिला त्यानं ह्याला फशिवलं. ह्यानं येऊन पेटीला नाक लावलं असतं तर पावडरीचा वास यावा म्हणून ती वतली."

"मग तो माणूस कोण?"

लंकाबाई थांबली. पंचायतीची खोली उघडू शकणारे दोन, त्यातला एक आत्ताच इस्त्रीचे कपडे घालून हसला होता. तिला उत्तर नको होतं. उंबऱ्यावर टेकून कण्यांकडे बघत बसणाऱ्या माणसाचं तोंड तिला आठवत होतं.

४

कानिफनाथाचं घर गावाच्या टोकाला, पत्र्याचं, दारात शेवगा. तो घरी नव्हता. त्याची बायको रतनबाई सूप घेऊन बसली होती, ती लंकाबाईला बघताच सूप टाकून उठली.

"अक्का, या. बसा. त्ये टाकीकडं गेल्यात."

लंकाबाई जोत्यावर बसली. डोक्यावर मे महिन्याचं ऊन, साडेदहाची वेळ, घशाला कोरड. रतनबाई म्हणाली, "पाणी आणते," आणि वाटीएवढा तांब्या घेऊन लगबगीनं शेजारच्या घरात गेली.

पंकजाला त्यात काही वावगं दिसलं नाही. लंकाबाई मात्र ताठ झाली.

दाराच्या आत, उजव्या हाताला, रांजण होता. अर्धा जमिनीत पुरलेला, तोंडावर ओलं फडकं बांधलेला. गावात सगळ्यांना माहीत होतं की जो माणूस गावाच्या पाण्यात पावडर टाकतो, तो स्वतः ते पाणी पीत नाही. कानिफनाथ भल्या पहाटे जुन्या आडावरून दोन हंडे आणून त्या रांजणात ओतायचा, आणि त्या गार पाण्याची त्याला फुशारकी होती. या घरी कुणी आलं आणि त्या रांजणातला तांब्या हातात पडला नाही, असं आजवर झालं नव्हतं. दुष्काळातसुद्धा झालं नव्हतं. या मुलखात दारी आलेल्याला भाकरी एखादेवेळी मिळायची नाही, पण घरात पाणी असून शेजाऱ्याकडून तांब्या आणायचा?

रतनबाई तांब्या घेऊन आली. लंकाबाईनं घोट घेतला. नळाचं, शिळं, पावडरीची चव जेमतेम उरलेलं. तिनं तांब्या खाली ठेवला.

"रतन, तुज्या रांजणातलं का न्हाई दिलंस?"

रतनबाईनं टाकलेलं सूप परत उचललं. "धुवायचाय त्यो. गाळ झालाय."

"गाळ झालेल्या रांजणाला ओलं फडकं बांधत न्हाईत. फडकं आतलं पाणी गार ऱ्हावं म्हणून बांधत्यात." लंकाबाई उठून दारात गेली, पण फडक्याला तिनं हात लावला नाही. दुसऱ्याचं घर होतं. "आडाचं पाणी. पावडर न्हाई. आन्‌ तांब्या बुडवायला भीती वाटती, कारन तांब्यात काहीतरी येईल. सोड फडकं, रतन. मी भांडायला न्हाई आले."

रतनबाईनं फडकं सोडलं नाही. मागून एका माणसाचा हात पुढं आला आणि त्यानं सोडलं. कानिफनाथ कधी येऊन उभा राहिला होता ते कुणाला कळलं नव्हतं.

रांजणात नारळाच्या शेंडीचा पुंजका तरंगत होता. लंकाबाईची सावली पडली तशा काचेच्या रेघा सरकन त्यात घुसल्या. सावली हलली तशा एकेक करून बाहेर आल्या. लंकाबाईनं मोजल्या. दोनदा मोजल्या, अकराच्या अकरा. मग एवढा वेळ पंकजाला रडू न देणारी बाई पदरात तोंड घालून हमसून रडली.

"अक्का," कानिफनाथ म्हणाला, "काल आण्णानी पावडरीचा डबा हातात दिला. म्हनलं, उद्या सकाळी ती टाक्यावर गेली की पेटीत रिकामा कर, मी बघायला येनार. मी व्हय म्हनलो. न्हाई म्हनायची छाती न्हवती. पर डबा घेऊन पेटीपुढं बसलो आन्‌ त्या वर आल्या, खायला मिळंल म्हणून. माझा हात चालंना."

"बरं केलंस, बाबा."

"बरं कुठलं? एप्रिलात टाक्यावर टँकर कुनी लावला वाटतं तुमाला? मीच. आण्णांच्या सांगन्यावरून. रात उलटायच्या आत कोरडं झालं पायजे म्हनले. मोटर बंद केली तवा तळाला काय तरी चमचमत हुतं. मला वाटलं अभ्रक हाय." त्यानं हातातलं फडकं पिळलं. "तुमच्या पेटीत बघितलं तवा कळलं, ते काय हुतं."

लंकाबाईनं डोळे पुसले.

"कण्या मी घेऊन जाते. माझ्याकडंच हुत्या म्हणून सांगीन. तुझं नाव माझ्या तोंडून निघायचं न्हाई. तुला दोन लेकरं हायेत."

कानिफनाथानं पितळी वाटी खाली धरून पुंजका अलगद उचलला आणि कण्या तिच्या हाती दिल्या. पंकजानं घड्याळ बघितलं. अकरा वाजून गेले होते.

५

मारुतीच्या मंडपात गाव जमलं होतं. टेबलामागं सूर्यभान, शेजारी ग्रामसेवक, आणि सहीपुरत्या बसवलेल्या सरपंचबाई. रुपाली मॅडम पुढच्या खुर्चीत. ग्रामसेवकानं ठराव वाचला, 'सदर टाके कोरडे असल्याने...' एवढं झालं आणि लंकाबाई उठली.

"थांबा. कोरडं म्हनताय त्या टाक्यातला जीव आनलाय मी."

तिनं पितळी वाटी मॅडमच्या हातात दिली. सूर्यभानाचं तोंड असं झालं की पंकजाला आयुष्यभर पुरेल. रुपाली मॅडमनी वाटी उन्हात धरली, भिंग लावलं आणि एकेक कणी निरखली.

"याचं नाव मी आत्ता सांगू शकत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "अभ्यासावं लागेल. पण कोरड्या टाक्यात हा मासा जगत नाही, एवढं मी लिहून द्यायला तयार आहे."

सूर्यभान सावरला होता. "मॅडम, मासा खरा असंल. पर तो टाक्यातला कशावरून? त्या जामखेडच्या कल्याणकडनं आनला असंल बाईनं. हाय कुनी साक्षीला?"

मंडपात कुणी हललं नाही. वरच्या वस्तीच्या बायका, ज्यांनी जन्मभर त्या टाक्याचं पाणी डोक्यावर वाहिलं, त्यासुद्धा जमिनीकडं बघत बसल्या. लंकाबाईनं एकेकीकडं पाहिलं. कानिफनाथाचं नाव जिभेच्या टोकावर आलं, आणि तिनं ते गिळलं.

"मी हाय की साक्षीला."

कानिफनाथ खांबाआडून पुढं आला. हातात वाल फिरवायची कमरेएवढी लोखंडी चावी होती. "वीस वरीस ह्या गावाला पाणी सोडतोय. टाकं एकदाच कोरडं झालं. एप्रिलात, मी मोटर लावून उपसलं तवा. आण्णांच्या हुकमावरून. आन्‌ काल हे मासे मारायला पावडरीचा डबा दिला, तो बी आण्णांनी." त्यानं डबा टेबलावर ठेवला. "ग्रामसेवक, लिव्हा."

सूर्यभान ताडकन उठला. "लिहू नका! कानिफ्या, उद्यापासून कामावर येऊ नगंस!"

कानिफनाथानं ती जड चावी डब्याशेजारी ठेवली. टेबल दणाणलं.

"नाई येत. मग उद्या पाणी तुमी सोडा, आण्णा. बावीस वाल हायेत. कुठला कुठल्या आळीचा, ते तेवढं सांगा गावाला."

सूर्यभान चावीकडं बघत राहिला. आपण बोअरचं पाणी पितो, नळाचा वाल कुठं असतो हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला आणि साऱ्या गावाला एकदमच कळलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग वरच्या वस्तीतली म्हातारी रंगुबाई काठी टेकत उभी राहिली. "ठराव नामंजूर," ती म्हणाली आणि हात वर केला. तिच्यामागं बायकांच्या बांगड्या किणकिणत वर गेल्या, मग पुरुषांचे हात. सहीपुरत्या सरपंचबाईंनी गर्दीतल्या आपल्या नवऱ्याकडं बघायचं टाळलं, ग्रामसेवकाच्या हातातलं पेन घेतलं आणि हात मोजायला सुरुवात केली.

मोजणी चालू असताना गर्दीतून रतनबाई आली. तिच्या हातात झाकण घातलेला तांब्या होता, बाहेरून दव धरलेला.

"अक्का, मघाशी दारात आलात आन्‌ मी घरचं पाणी दिलं न्हाई. मनाला लई लागलंय. हे रांजणातलं हाय."

लंकाबाईनं सवयीनं आधी तांब्यात डोकावून पाहिलं. कणी नव्हती. मग भर मंडपात, सूर्यभानाच्या डोळ्यांदेखत, तिनं तो तांब्या उंच धरला आणि घटाघटा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.